लिनक्स सर्व्हरचा कर्नल कोसळला तर: रीस्टार्टच्या आधी आणि नंतर काय, कोणत्या क्रमाने

सर्व्हर पडतो. कोणीतरी रिमोट कन्सोलवरून पॉवर सायकल करतं, सेवा उठतात, तिकीट बंद होतं. काही दिवसांनी तोच सर्व्हर पुन्हा पडतो. मग घाबरून एकाच रात्रीत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) अपडेट, बायोस अपडेट आणि रॅमची अदलाबदल, असं सगळं उरकलं जातं. पडणं थांबलं तर कशामुळे थांबलं हे सांगता येत नाही. नाही थांबलं तर पुरावा केव्हाच पुसला गेलेला असतो.

यात ज्ञानापेक्षा क्रम जास्त चुकतो. व्हीएमकोर (कोसळलेल्या कर्नलच्या मेमरीची फाइल) कसा वाचायचा हे शिकून घेतलेल्या लोकांच्या सर्व्हरवरही ऐन वेळी व्हीएमकोरच नसतो, किंवा शेवटची ओळ वाचून भलत्याच दिशेने शोध सुरू होतो. म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमाने लिहिला आहे, आणि पायऱ्या गाळू नका. उदाहरणं रेड हॅट कुटुंबाची (आरएचईएल, रॉकी, अल्मा) आणि उबंटूची आहेत. कमांड, फायली आणि कर्नलचे संदेश इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.

## १. तयारी: क्रॅश होण्याआधीची

पॅनिक झालेला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे थांबलेला कर्नल डिस्कवर काही लिहीत नाही. स्वतःचीच मेमरी बिघडलेली असताना त्याने फाइल सिस्टिमला हात लावणं म्हणजे डेटा खराब करण्याचं आमंत्रण. म्हणूनच नेमक्या शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या ओळी जर्नलमध्ये (सिस्टिमच्या लॉगमध्ये) सापडत नाहीत. त्यावरचा उपाय केडंप. एक दुसरा, छोटा कर्नल रॅमच्या राखीव तुकड्यात आधीच भरून ठेवलेला असतो. पॅनिकच्या क्षणी ताबा त्याच्याकडे जातो, तो मेलेल्या कर्नलची मेमरी फाइलमध्ये उतरवतो आणि मशीन रीबूट करतो. ती फाइल म्हणजे व्हीएमकोर.

१.१ पॅकेज आणि राखीव रॅम. रेड हॅट कुटुंबात केएक्झेक-टूल्स, किंवा अलीकडच्या आवृत्त्यांत केडंप-युटिल्स, उबंटूवर लिनक्स-क्रॅशडंप. त्यानंतर बूट पॅरामीटरमध्ये 'क्रॅशकर्नल=' असायला हवं. आरएचईएल ९ मध्ये एक्स८६ मशीनसाठी मूळ मूल्य असं आहे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी, त्याहून जास्तीला ५१२ एमबी. जुन्या लेखांतून उचललेलं 'क्रॅशकर्नल=ऑटो' आरएचईएल ९ वर चालत नाही. ही चूक फार दिसते, कारण आरएचईएल ७ आणि ८ वर ते बिनबोभाट चालायचं. किती रॅम लागेल याचा अंदाज 'केडंपसीटीएल एस्टिमेट' देतं. बरीच नेटवर्क कार्ड आणि स्टोरेज कंट्रोलर असलेल्या मशीनवर मूळ मूल्य अपुरं पडू शकतं. तसं झालं तर डंप घेणारा कर्नल स्वतःच मेमरी संपून मरतो, आणि तुमच्या हाती रिकामी डिरेक्टरी येते.

पॅरामीटर बदलल्यावर रीबूट लागतो. नुसती सेवा रीस्टार्ट करून राखीव रॅम मिळत नाही.

१.२ डंप कुठे जाणार. नेहमीची जागा /व्हार/क्रॅश. गाळणी न लावता घेतलेला डंप रॅमएवढा होतो, म्हणजे २५६ जीबीच्या मशीनवर २५६ जीबी. म्हणून मेकडंपफाइलला '-डी ३१' ही पातळी देतात. शून्याने भरलेली पानं, पेज कॅशचे दोन प्रकार, यूजर प्रोसेसचा डेटा आणि मोकळी पानं (१+२+४+८+१६) त्यात वगळली जातात. निदानाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

मशीनचा स्टोरेज कंट्रोलरच संशयित असेल तर डंप त्याच डिस्कवर लिहायला लावणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. अशा वेळी /ईटीसी/केडंप.कॉन्फ मध्ये एनएफएस किंवा एसएसएच लक्ष्य द्या.

१.३ ऊप्सवर पॅनिक. कर्नलमध्ये चूक झाली की दरवेळी पॅनिक होतोच असं नाही. पुष्कळदा 'ऊप्स' होतो: ती एक प्रोसेस मारली जाते आणि सर्व्हर लंगडत चालू राहतो. मेलेल्या प्रोसेसने धरलेली कुलपं मात्र तशीच राहतात, आणि अर्ध्या तासाने दुसरंच काहीतरी अडकतं. मग लोक त्या दुसऱ्याच गोष्टीचा तपास करत बसतात. 'कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स' १ ठेवा, म्हणजे पहिल्याच चुकीला डंप मिळेल. 'कर्नल.पॅनिक' हा वेगळा आकडा आहे. केडंप भरलेला नसेल तर किती सेकंदांनी रीबूट करायचा ते तो ठरवतो, आणि तो शून्य असेल तर मशीन पॅनिकच्या पडद्यावरच उभं राहतं.

१.४ लटकलेल्या मशीनसाठी एनएमआय (सीपीयूला टाळता न येणारा इंटरप्ट). सर्व्हर पडत नाही, फक्त गोठतो. पिंग नाही, कीबोर्ड नाही. अशा वेळी 'कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक' १ असेल तर बाहेरून एनएमआय पाठवून मुद्दाम पॅनिक घडवता येतो. त्यासाठी 'आयपीएमआयटूल चॅसिस पॉवर डायग', आणि केव्हीएमवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी 'व्हर्श इंजेक्ट-एनएमआय'. हे आधी सेट केलेलं नसेल तर गोठलेल्या मशीनला पॉवर सायकलशिवाय मार्ग उरत नाही.

१.५ जर्नल टिकाऊ करा. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल आणि सेटिंग 'ऑटो' असेल तर जर्नल फक्त रॅममध्ये राहतं आणि रीबूटला जातं. डिरेक्टरी बनवा, जर्नल सेवा रीस्टार्ट करा, 'जर्नलसीटीएल --फ्लश' चालवा. शक्य असेल तर सीरियल कन्सोल किंवा नेटकन्सोलही लावा. नेटकन्सोल कर्नलचे संदेश यूडीपीने दुसऱ्या मशीनकडे पाठवतो (मूळ पोर्ट ६६६६), आणि केडंप फसला तरी ते संदेश शिल्लक राहतात.

१.६ चाचणी. ही पायरी जवळपास सगळे गाळतात. देखभालीच्या वेळेत सेवा थांबवा, 'सिंक' चालवा, आणि रूट म्हणून /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये 'सी' हे अक्षर लिहा. मशीन खरोखर क्रॅश होईल. 'कर्नल.सिसआरक्यू' आधी १ करावं लागतं असा गैरसमज आहे. तो आकडा फक्त कीबोर्डवरून येणाऱ्या सिसआरक्यूला (कर्नलला थेट आदेश देणाऱ्या कळीला) लागू होतो. या फाइलमध्ये रूटला नेहमीच लिहिता येतं.

> इशारा: क्लस्टरमधल्या मशीनवर चाचणी करण्याआधी फेन्सिंगचा विचार करा. डंप लिहिणं चालू असताना शेजारचा नोड 'हा मेला' म्हणून त्याची वीज तोडतो, आणि डंप अर्धवट राहतो.

> तपासा: /सिस/कर्नल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड मध्ये १ आहे का? चाचणीनंतर /व्हार/क्रॅश खाली तारखेच्या डिरेक्टरीत डंप आणि डीमेसेजची (कर्नलच्या संदेशांची) मजकूर-फाइल, दोन्ही आहेत का? प्रत्येक मोठ्या कर्नल अपडेटनंतर हीच तपासणी पुन्हा करा.

## २. हा खरंच कर्नल क्रॅश आहे का?

'सर्व्हर क्रॅश झाला' या वाक्याखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. 'लास्ट -एक्स' चालवा. रीबूटच्या नोंदीआधी शटडाउनची नोंद असेल तर कोणीतरी किंवा कशाने तरी नीटपणे बंद केलं आहे; तो कर्नल क्रॅश नव्हे. शटडाउनची नोंद नसेल तर पुढे जा.

मागच्या बूटचा कर्नल लॉग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' ने बघा. त्यात 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' असेल आणि मशीन चालूच राहिलं असेल, तर कर्नलने तुमचा डेटाबेस मारला, पण कर्नल शाबूत होता. तो मेमरीच्या नियोजनाचा प्रश्न आहे. लॉग मध्येच तुटला असेल, एकही चुकीची ओळ नसेल आणि केडंप चाचणीत चालत असूनही डंप नसेल, तर वीज, पॉवर सप्लाय, हार्डवेअर वॉचडॉग किंवा हायपरव्हायजर यांच्याकडे आधी बघा. कर्नलला बोलायचीसुद्धा संधी न मिळता मशीन गेलं, असा त्याचा अर्थ.

बूट होतानाच 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणून पॅनिक येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. बहुतेक वेळा नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) बनलेली नसते, किंवा /बूट भरल्यामुळे अर्धवट बनलेली असते. ग्रबमधून (बूट मेनूतून) जुना कर्नल निवडा, /बूट मोकळं करा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा (ड्राकट किंवा अपडेट-इनिटरॅमएफएस). काम संपलं.

## ३. पुरावा जपा

कन्सोलवर पॅनिक दिसत असेल तर आधी त्याचं चित्र घ्या, मग रीसेट. केडंप चालू असेल तर पडद्यावर डंप लिहिला जात असल्याचं दिसतं. तेव्हा कशालाही हात लावू नका. टेराबाइटभर रॅमच्या मशीनला बराच वेळ लागतो, आणि त्या वेळात वरिष्ठांचे फोन येणारच. 'डंप चालू आहे, आत्ता तोडला तर कारण कधीच कळणार नाही' हे वाक्य तयार ठेवा.

मशीन उठल्यावर या क्रमाने गोळा करा:

१. /व्हार/क्रॅश मधली नवी डिरेक्टरी दुसऱ्या मशीनवर हलवा. काही वितरणांत जुने डंप आपोआप साफ होतात, आणि दुसरा क्रॅश झाला तर जागाही पुरणार नाही.

२. /सिस/एफएस/पीस्टोर आणि /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर बघा. यूईएफआयच्या मेमरीत पॅनिकच्या शेवटच्या ओळी राहिलेल्या असू शकतात. केडंप नसलेल्या मशीनवर कित्येकदा एवढाच पुरावा हाती लागतो.

३. बीएमसीची (मदरबोर्डवरच्या देखरेख चिपची) नोंदवही: 'आयपीएमआयटूल सेल ईलिस्ट'. त्यातल्या घड्याळाची वेळ सर्व्हरशी जुळते का ते लगेच लिहून ठेवा. बीएमसीचं घड्याळ हमखास चुकलेलं असतं, आणि नंतर घटना जुळवताना घोळ होतो.

४. कर्नलची नेमकी आवृत्ती, /प्रॉक/सीएमडीलाइन, लोड असलेली मॉड्यूल्स, आणि गेल्या काही दिवसांत काय बदललं त्याची यादी. पॅकेज मॅनेजरचा इतिहास इथे फार बोलतो.

> इशारा: या टप्प्यावर 'यम अपडेट' किंवा 'ॲप्ट अपग्रेड' चालवू नका. जुन्या कर्नलचं पॅकेज निघून गेलं तर त्याची डीबग माहिती जुळवताना घाम फुटतो.

> इशारा: व्हीएमकोर म्हणजे मेमरीची प्रत. यूजर पानं वगळली तरी कर्नलच्या मेमरीत किल्ल्या आणि नेटवर्कवरून आलेला डेटा राहू शकतो. विक्रेत्याला पाठवण्याआधी तुमच्या सुरक्षा विभागाची परवानगी घ्या, आणि ती फाइल चॅटवर कधीच टाकू नका.

## ४. संदेश वाचा: वरून, पहिल्या चुकीपासून

इथेच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. पडद्यावर शेवटी 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: फेटल एक्सेप्शन' दिसतं आणि लोक तेच वाक्य शोधयंत्रात टाकतात. ते वाक्य जवळपास प्रत्येक पॅनिकला येतं. कारण त्याच्या वर, 'कट हिअर' किंवा 'बग:' या ओळीपाशी असतं; आणि कधी त्याच्याही वर, काही मिनिटं आधी आलेल्या इशाऱ्यात. डीमेसेजची फाइल उघडा, शेवटापासून वर जा, पहिली विपरीत ओळ सापडेपर्यंत थांबू नका.

समजा, असा नमुना आहे:

बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस: ००००००००००००००६८
ऊप्स: ०००० [#१] एसएमपी
सीपीयू: ३ पीआयडी: ० कॉम: स्वॅपर/३ टेंटेड: जी ओई
आरआयपी: अमुक_आरएक्स_पोल+०x४एफ/०x१२० [अमुक_ड्रायव्हर]

एकेक ओळ घेऊ.

पत्ता. ६८ हा छोटा आकडा आहे. म्हणजे एखादा पॉइंटर शून्य होता, आणि त्या रचनेतला हेक्साडेसिमल ६८ अंतरावरचा घटक वाचायला कर्नल गेला. हा आकडा जपून ठेवा. सहाव्या पायरीत लागेल. पत्त्यात '६बी६बी६बी' अशी पुनरावृत्ती दिसली तर ती मोकळ्या केलेल्या मेमरीवर कर्नलने ओतलेली खूण आहे: कोणीतरी सोडून दिलेली वस्तू पुन्हा वापरली. 'डेड' या अक्षरांनी सुरू होणारा पत्ता म्हणजे यादीतून काढून टाकलेला दुवा कोणीतरी पुन्हा धरला.

ऊप्सचा कोड. ०००० म्हणजे कर्नल मोडमध्ये, नसलेल्या पानावरून वाचण्याचा प्रयत्न. ०००२ असतं तर लिहिण्याचा. चौकटी कंसातला #१ महत्त्वाचा आहे. तिथे #२ किंवा #३ असेल तर तुम्ही नंतरच्या पडझडीकडे बघत आहात, #१ शोधा.

कॉम. इथे जे नाव असतं त्याच्यावर आळ घेण्याची घाई होते. 'कॉम: मायएसक्यूएलडी' दिसलं की डेटाबेसवाल्यांना फोन जातो. ही चोर सोडून संन्याशाला फाशी. ते नाव फक्त एवढं सांगतं की त्या क्षणी त्या सीपीयूवर कोण होतं. कॉल ट्रेसमध्ये (तिथवर पोचवणाऱ्या फंक्शन्सच्या यादीत) 'आयआरक्यू'चा (इंटरप्टचा) भाग असेल तर त्या प्रोसेसचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त, कारण इंटरप्ट कोणाच्याही वेळेत येतो. 'स्वॅपर/३' म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या सीपीयूवरची रिकामपणाची प्रोसेस. स्वॅप मेमरीशी तिचा काही संबंध नाही, तरी 'स्वॅप वाढवा' हा सल्ला दरवेळी कोणीतरी देतंच.

टेंटेड, म्हणजे कर्नलवर लागलेले डाग. 'जी' म्हणजे मालकी हक्काचं बंदिस्त मॉड्यूल नाही. 'पी' असेल तर आहे. 'ओ' म्हणजे मुख्य कर्नलबाहेरचं मॉड्यूल, 'ई' म्हणजे सही नसलेलं. 'डब्ल्यू' म्हणजे याआधी एक इशारा येऊन गेला आहे, वर जाऊन तो वाचा. 'डी' म्हणजे आधी एक ऊप्स झाला आहे. 'एम' म्हणजे हार्डवेअरने मशीन चेक दिला आहे. तो दिसला तर उरलेलं वाचन थांबवून थेट पाचव्या पायरीवर जा.

'ओ' आणि 'ई' दिसले की सुरक्षा एजंट, बॅकअप एजंट, विक्रेत्याचा स्टोरेज ड्रायव्हर यांची यादी करा. ही मॉड्यूल्स कर्नलच्या आत, त्याच अधिकाराने चालतात. असं तिसऱ्याचं सॉफ्टवेअर काय करू शकतं ते १९ जुलै २०२४ ला विंडोजवर जगाने पाहिलं: क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेट फाइलमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं कोसळली. लिनक्सचा कर्नल निराळा, पण कर्नलमध्ये शिरलेल्या पाहुण्याचा धोका तोच.

आरआयपी (पडताना चालू असलेली सूचना) आणि कॉल ट्रेस. फंक्शनचं नाव, त्यातलं अंतर, फंक्शनची लांबी आणि कंसात मॉड्यूल. ट्रेस खालून वर वाचायचा: तळाशी प्रवेश, वर पडण्याची जागा. ज्या ओळीआधी प्रश्नचिन्ह आहे ती खात्रीची नाही. स्टॅकवर उरलेला जुना कचराही असू शकतो. ती नावं धरून कथा रचू नका. दोन क्रॅशची तुलना करताना पूर्ण पत्ते जुळवू नका. केएएसएलआरमुळे (कर्नल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर भरणाऱ्या सोयीमुळे) ते प्रत्येक बूटला बदलतात. 'फंक्शन+अंतर' जुळवा.

आणखी दोन संदेश नेहमी चुकीचे वाचले जातात. 'इनव्हॅलिड ऑपकोड' दिसलं की प्रोसेसर खराब झाला असं वाटतं. त्याच्या वरची ओळ बघा: 'कर्नल बग ॲट' आणि फाइलचं नाव, ओळ क्रमांक असेल, तर कर्नल लिहिणाऱ्यांनी 'हे कधीच घडू नये' म्हणून घातलेली तपासणी फसली आहे. एक्स८६ वर ती तपासणी मुद्दाम एक अवैध सूचना चालवूनच थांबते. दुसरा, 'सॉफ्ट लॉकअप - सीपीयू स्टक फॉर २२एस'. प्रत्यक्ष मशीनवर ही गंभीर गोष्ट आहे. एक सीपीयू वीस सेकंदांहून जास्त काळ कर्नलमध्येच अडकला. व्हर्च्युअल मशीनवर मात्र होस्टने तेवढा वेळ सीपीयूच दिला नाही, स्नॅपशॉट किंवा स्थलांतर चालू होतं, अशीही शक्यता असते. स्टील टाइम (होस्टने न दिलेला सीपीयूचा वेळ) आणि होस्टचा लॉग बघितल्याशिवाय व्हर्च्युअल मशीनच्या कर्नलला दोष देऊ नका. 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' हाही स्वतःहून क्रॅश नाही. बहुतेक वेळा स्टोरेज किंवा एनएफएस उत्तर देत नसतं.

> तपासा: आतापर्यंत एका कागदावर पाच गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात: पहिली चुकीची ओळ, चुकीचा प्रकार, आरआयपीचं फंक्शन+अंतर, टेंट अक्षरं, आणि मशीन किती वेळ चालू होतं. पाचवी गोष्ट फालतू वाटते, पण २.६.३२ च्या काळातल्या काही कर्नलमध्ये अशी चूक होती की मशीन सुमारे २०८.५ दिवस सलग चालल्यावर कोसळायचं. नॅनोसेकंदांचा हिशेब २ च्या ५४ व्या घातापाशी उलटायचा. एकाच दिवशी सुरू केलेले सर्व्हर मग एकाच दिवशी पडायचे. अपटाइम लिहून ठेवणाऱ्यालाच ते दिसलं असतं.

## ५. हार्डवेअर आधी बाद करा

तीन क्रॅश, तीन वेगळी फंक्शन्स, एकमेकांशी संबंध नाही, आणि तेच एक मशीन: हार्डवेअरचा संशय बळावतो. अनेक मशीन, तेच फंक्शन, तेच अंतर: सॉफ्टवेअर. हा ठोकताळा आहे, नियम नाही, पण सुरुवातीला दिशा देतो.

बघायच्या जागा: डीमेसेजमध्ये 'हार्डवेअर एरर' आणि 'मशीन चेक', रासडेमनचा 'रास-एमसी-सीटीएल --एरर्स', /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/एडॅक/एमसी खालचे सीई आणि यूई आकडे, बीएमसीची नोंदवही. यूई म्हणजे दुरुस्त न होऊ शकलेली मेमरी चूक, सीई म्हणजे दुरुस्त झालेली. एखादी चालून जाते. एकाच डिमवर (रॅमच्या पट्टीवर) आकडा रोज वाढत असेल तर तो डिम बदला, क्रॅशशी संबंध सिद्ध होवो न होवो.

रजिस्टरमध्ये एखादा पॉइंटर जवळजवळ बरोबर दिसतो, फक्त एक बिट उलटलेला. शेजारच्या पॉइंटरशी तुलना करा. फरक नेमका २ च्या घाताएवढा असेल तर रॅमकडे बोट जातं. ईसीसी (मेमरीतल्या चुका दुरुस्त करणारी सोय) नसलेल्या स्वस्त मशीनवर हे विशेष. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. एकाच फेरीत 'पास' आलं म्हणून सोडू नका.

> इशारा: रॅम काढून दुसऱ्या खाचेत घालताना कोणता डिम कुठे होता ते लिहून ठेवा. न लिहिता केलेल्या अदलाबदलीने तपास संपत नाही, फक्त विस्कटतो.

## ६. व्हीएमकोर उघडा

क्रॅश झाला त्या सर्व्हरवर हे काम करू नका. वेगळं मशीन घ्या. 'क्रॅश' हे टूल, आणि कोसळलेल्या कर्नलच्या नेमक्या त्याच आवृत्तीची डीबग माहिती लागते: रेड हॅट कुटुंबात कर्नल-डीबगइन्फो, उबंटूवर डीबीजीसिम पॅकेज. आत्ता चालू असलेल्या कर्नलची आवृत्ती बघून पॅकेज उतरवणं ही इथली ठरलेली चूक. 'क्रॅश --ओएसरिलीज' आणि पुढे डंपचं नाव दिलं की डंपमधली आवृत्ती कळते. 'व्हीएमलिनक्स अँड व्हीएमकोर डू नॉट मॅच' असं आलं तर आवृत्ती चुकली आहे. जबरदस्ती करू नका, चुकीची नावं दिसतील आणि ती खरी वाटतील.

उघडल्यावर या क्रमाने:

१. सिस — पॅनिकचा संदेश, अपटाइम, लोड. कागदावरच्या नोंदीशी जुळतं का?

२. लॉग — पूर्ण कर्नल लॉग. पॅनिकच्या आधीची काही मिनिटं शांतपणे वाचा. लिंक खाली-वर होणं, डिस्क रीसेट, मेमरी वाटपात अपयश. खरी सुरुवात बऱ्याचदा इथे असते.

३. बीटी, मग बीटी -ए — पडलेल्या प्रोसेसचा आणि सगळ्या सीपीयूंचा स्टॅक. लॉकअपमध्ये दुसरी कमांड जास्त मोलाची: एक सीपीयू कुलूप धरून बसलेला आणि बाकीचे रांगेत, हे चित्र लगेच दिसतं.

४. मॉड -टी — टेंट करणारी मॉड्यूल्स नावानिशी.

५. केमेम -आय — मेमरी संपत आली होती का.

६. फोरइच यूएन बीटी — अडकलेल्या, न उठवता येणाऱ्या प्रोसेस. सगळ्यांचे स्टॅक एकाच फाइल सिस्टिमपाशी किंवा एकाच डिस्कपाशी थांबले असतील तर उत्तर कर्नलच्या पोटात न शोधता स्टोरेजकडे शोधा.

आता तो ६८ काढा. 'डिस -आरएल' आणि आरआयपीचा पत्ता दिला की सोर्स फाइलची ओळ आणि त्यामागच्या सूचना दिसतात. कोणत्या रजिस्टरमधून वाचन झालं ते शेवटच्या सूचनेत असतं, आणि 'बीटी'च्या रजिस्टर यादीत तो रजिस्टर शून्य दिसेल. मग संशयित रचनेवर 'स्ट्रक्ट -ओ' चालवा. ६८ अंतरावर कोणता घटक आहे ते कळतं. म्हणजे 'नल पॉइंटर' या मोघम तक्रारीऐवजी तुमच्याकडे आता 'अमुक रचनेचा पॉइंटर शून्य असताना तमुक घटक वाचला, या फाइलच्या या ओळीत' असं वाक्य आहे. विक्रेत्याच्या आधार विभागात या वाक्याला जी गती मिळते ती पडद्याच्या फोटोला मिळत नाही. मॉड्यूल तिसऱ्याचं असेल तर त्याची डीबग माहिती 'मॉड -एस' ने वेगळी भरावी लागते. ती नसेल तर निदान फंक्शनचं नाव तरी हाती आहे.

> इशारा: मेमरी बिघडलेली असेल (६बी६बी, लिस्ट करप्शन, स्लॅबच्या तक्रारी) तर जिथे कर्नल पडला ते फंक्शन बळी असतं, गुन्हेगार नव्हे. कोणीतरी आधीच, दुसरीकडे, ती मेमरी खराब करून गेलेलं आहे. अशा वेळी चाचणी सर्व्हरवर 'स्लब_डीबग=एफझेडपीयू' हे बूट पॅरामीटर किंवा कर्नल-डीबग पॅकेज वापरून चूक पुन्हा घडवा. दोन्ही मशीनला मंद करतात. उत्पादनावर सरसकट लावू नका.

## ७. एक बदल, मग वाट

शोध घेताना पत्ते आणि आकडे काढून टाका. फंक्शनचं नाव, चुकीचा प्रकार आणि कर्नलची आवृत्ती एवढंच ठेवा. वितरणाच्या कर्नलचा चेंजलॉग ('आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल') त्याच फंक्शनच्या नावासाठी चाळा. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत आलेली असण्याची शक्यता बरीच असते. सापडली तर अपडेट करायला आता कारण आहे.

नाही सापडली तर तक्रार कुठे करायची ते टेंट अक्षरं ठरवतात. बाहेरचं मॉड्यूल असेल तर आधी त्याच्या विक्रेत्याकडे. मुख्य कर्नलचे विकासक टेंटेड कर्नलच्या तक्रारीला सहसा हात लावत नाहीत, म्हणून शक्य असेल तर ते मॉड्यूल काढून क्रॅश पुन्हा होतो का ते बघा. अपडेटनंतरच सुरू झालं असेल तर ग्रबमधून आधीचा कर्नल लावून ठेवा. तो उपाय नव्हे, पण सेवा चालू राहते आणि कोणत्या दोन आवृत्त्यांच्या मध्ये चूक शिरली ते पक्कं होतं.

तक्रारीत एवढं द्या: आवृत्ती, हार्डवेअरचं मॉडेल, पहिल्या चुकीच्या ओळीपासून 'एंड ट्रेस'पर्यंतचा मजकूर (फोटो नव्हे), टेंट, किती वेळा आणि कोणत्या कामाच्या वेळी घडलं, आणि सहाव्या पायरीतलं ते वाक्य. व्हीएमकोर मागितला तरच द्या.

एका वेळी एकच बदल करा आणि त्याची तारीख लिहा. मग थांबा. दर दहा दिवसांनी पडणारा सर्व्हर बारा दिवस टिकला म्हणून तिकीट बंद करू नका. आधीच्या सगळ्यात लांब अंतराच्या तिप्पट वेळ तरी जाऊ द्या. तोवर जुना व्हीएमकोर, त्याची डीबग माहिती आणि तुमचा कागद एकाच ठिकाणी, मर्यादित लोकांनाच उघडता येईल असा ठेवा. तिकीट बंद झालं की तो डंप पुसून टाका, आणि जाता जाता केएक्झेक_क्रॅश_लोडेड मध्ये अजून १ आहे ना, ते बघून घ्या.